कसरीनं खाल्लेली जागा

घास चावताना कचकन आवाज झाला आणि तो फरंगीसच्या कानशिलापर्यंत गेला. तिनं घास तळहातावर काढून पाहिला. रोटीच्या ओल्या लगद्यात मसुराएवढा काळा खडा होता आणि त्याला चिकटलेली दाताची एक पांढरी कपची. दुखलं नाही. जीभ मात्र लगेच त्या दाताकडे गेली, तिथली नवी धारदार कड चाचपून परत आली, पुन्हा गेली. तापल्या खड्यांवर भाजलेल्या या रोटीला एखादा खडा चिकटून यायचाच, हे तेहरानात जन्मलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. पण तिच्या घरात खडा कुणाच्या दाताखाली कधी आला नव्हता. बाबा सकाळी रोटी आणायचे, जेवणाच्या दस्तरखानावर पसरायचे आणि डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवायचे. आधी वरची बाजू, मग उलटून खालची. बोट अडलं की खडा नखानं उचलून बशीत टाकायचे. "डोळ्यांना सवय लागते गं, आणि सवय लागली की ते बघायचं सोडून देतात," असं म्हणायचे. छापलेल्या पानांबद्दलही ते हेच म्हणायचे. ते गेले त्याला चाळीस दिवस उलटून त्यांचा चाळिसावाही होऊन गेला होता. इतक्या दिवसांत तिनं एकदाही रोटीवरून हात फिरवला नव्हता, आणि खडाही निघाला नव्हता; आज निघाला. ती कपची तिनं बशीच्या कडेला ठेवली. अशा तुकड्याचं काय करतात ते तिला सुचेना. तेवढ्यात फोन वाजला.

मोहतशम-आगांचा होता. बाबांचे प्रकाशक, आणि बाबा गेल्यापासून बाबांबद्दल वर्तमानकाळात बोलणारा एकमेव माणूस.

"उभी आहेस का बसली आहेस?"

"बसले आहे."

"मग बसूनच राहा. बखर छापायचा परवाना आला."

तिची जीभ दाताकडे गेली.

"ऐकते आहेस ना, फरंगीस-खानम? इतकी वर्षं ज्याचा पत्ता सरकारी कचेरीला सापडत नव्हता, त्याच्या घरावर काळा कपडा लागल्याबरोबर सापडला. हयात संपादक त्यांना पचत नाही बहुतेक. मेलेला चालतो."

"अटी असतील ना काही."

"आहेत. फोनवर नको. ये इकडे. आणि नाका-तोंडाला काही तरी बांधून ये, हवेत निव्वळ काजळी आहे आज."

शाळा हवेपायीच बंद होती. ती ज्या मुलींना रसायन शिकवायची, त्या मुली आज घरोघरी खिडक्या लावून बसल्या असतील. बसच्या काचेतून उत्तरेकडचे डोंगर दिसत नव्हते. ते आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून दिसले नाहीत तरी कुणी काही बोलत नाही; फक्त एखादी म्हातारी चिनाराच्या ओळीच्या टोकाशी सवयीनं मान वर करते आणि खाली घालते. फरंगीसच्या मनात आलं, बखर हा शब्द आपल्या घरात माणसाच्या नावासारखा वापरला गेला. बखर आज रुसली आहे. बखरीनं आज डोळे फोडले. आई जेवायला हाक मारायची तेव्हा विचारायची, 'तुम्ही दोघं येताय का तिघं?' तिसरा म्हणजे मिर्झा लुत्फअली, वाळवंटाच्या काठावरच्या एका लहानशा गावातला कारकून, मरून शंभरावर वर्षं झालेला. मोठ्या दुष्काळात त्या गावातली माणसं कशी कशी गेली ते त्यानं लिहून ठेवलं होतं. राजाचं नाव त्यात एकदाच, तेही चुकीचं. बाकी सगळी साधी माणसं. न्हावी, दोरखंड वळणारा, हमामखान्यातली बाई, तिची मुलगी. कोण कधी गेलं, शेवटी काय मागत होतं. बाबांनी उभं आयुष्य त्या एका पुस्तकाला दिलं. दुसरी पुस्तकंही त्यांनी संपादली, नावाजलीही गेली; पण ती त्यांच्या दृष्टीनं बाहेरची कामं होती.

चौदा वर्षांची असताना तिला बाबांनी पहिल्यांदा रुजुवातीला बसवलं. रुजुवात दोघांनी करायची असते. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं आपल्या हातातली नक्कल बोटानं पुढे पुढे नेत ऐकायचं. जुळलं तर 'आहे' म्हणायचं, नक्कलीत शब्द सापडला नाही तर 'नाही'. त्यापलीकडे एक अक्षर बोलायचं नाही. मत तर नाहीच नाही. आणि हस्तलिखितात जिथे काही नसेल, तेही वाचायचं. कागद फाटला असेल तर 'इथे फाटलंय' असं, शाई पुसली असेल तर 'पुसलंय' असं, कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागून भोक पडलं असेल तर 'इथे कसरीनं खाल्लंय, दोन शब्दांची जागा' असं. नक्कल धरणाऱ्यानं तिथे ठिपके आहेत का बघायचं आणि 'आहे' म्हणायचं. तिला सुरुवातीला फार गंमत वाटायची. जे नाही त्यालाही आहे म्हणायचं. सुट्टीच्या दुपारी, गालिच्यावर पोटाशी उशी घेऊन, दवंडीवाल्यानं दवंडी द्यावी तशा आवाजात ती वाचायची, 'इथे कसरीनं खाल्लंय,' आणि स्वयंपाकघरातून आई ओरडायची, 'कसरीला म्हणावं, डाळिंबं सोलून ठेवलीत, ती खा.'

त्याच दुपारींपैकी एका दुपारी ते पान आलं. मिर्झाची बायको गेली तो दिवस. गावात प्रेतं धुणाऱ्या बाया उरल्या नव्हत्या, त्याही गेल्या होत्या. म्हणून मिर्झानं स्वतःच्या हातांनी तिला न्हाऊ घातलं आणि ते लिहून ठेवलं. केस कसे सुटून आले, फासळ्यांमधून पाणी कसं खाली उतरलं, तान्हं आधीच गेलं होतं आणि छातीत दूध नव्हतंच तरी त्याचे डाग अंगरख्यावर कसे होते. फरंगीस वाचता वाचता थांबली. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बाबांचं बोट नक्कलीवर थांबलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"वाच."

"बाबा, हे..."

"हे तू म्हणत नाहीस. तो म्हणतोय. तू फक्त त्याला ऐकू येईल एवढा आवाज दे."

तिनं वाचलं. 'सरपण नव्हतं. पाणी थंड होतं. थंड पाणी तिला कधी सोसलं नाही, म्हणून मी.' आणि तिथे भोक होतं. मोठं, तपकिरी कडांचं, चांगल्या एका ओळीएवढं. 'इथे कसरीनं खाल्लंय,' ती हळूच म्हणाली. 'आहे,' बाबा म्हणाले.

दुकानात मोहतशम-आगा हीटरला पाय लावून बसले होते. चहाचा पेला त्यांनी तिच्यासमोर सरकवला, साखरेच्या खड्यांची वाटीही. ती खडा दातात धरायला गेली आणि थबकली.

"काय झालं?"

"दात तुटला. रोटीत खडा होता."

"इस्फंदियारच्या घरात? तुझ्या बाबांच्या?" ते म्हणाले. म्हातारपणी माणसाचे डोळे उगाचही भरतात, त्यामुळे त्याकडे कुणी लक्ष देत नाही याचा फायदा घेऊन त्यांनी ते पुसले. "बरं. सांगतो. अख्खी बखर पास झाली आहे. माणसं मेली ती मेली, त्याला हरकत नाही. फक्त ते पान. आंघोळीचं."

"ते काढायचं."

"ते काढायचं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. आणि ठिपके घालायचे नाहीत. तळटीप नाही, प्रस्तावनेत उल्लेख नाही. आधीची ओळ आणि नंतरची ओळ एकमेकींना चिकटवायच्या, जणू काही मध्ये कुणी मेलंच नाही."

"हे पूर्वीही सांगितलं होतं त्यांनी?"

"दर वेळी. तुला नाही बोलला तो? त्यानं तर कबूलही केलं होतं." आगांनी चहा बशीत ओतला. "चकित होऊ नकोस. म्हणाला, काढा, तुमची सत्ता आहे, पण ठिपके ठेवा. जागा दाखवा. मी चिडलो. म्हटलं, अरे उस्ताद, बायकोला काढतोस आणि ठिपक्यांसाठी भांडतोस? तर मला म्हणतो, मोहतशम, कसरीनंसुद्धा आपण कुठे खाल्लं ती जागा दाखवून ठेवली होती. माणसांकडून मी तेवढीच अपेक्षा करतो आहे."

ती हसली. हसू तोंडात वेगळ्याच ठिकाणी लागलं, त्या धारेवर.

"आता तू वारस. सही तुझी. नाही म्हणालीस तर परवाना परत जाईल आणि मग माझ्या हयातीत येणार नाही. माझी हयात म्हणजे काय, हा हीटर चालतोय तोवर. मुलं कॅनडात, दुकान पिझ्झावाल्यानं मागितलंय. मी दबाव आणत नाही हं."

"आणताय."

"आणतोय," ते म्हणाले.

परत येताना ती बसमध्ये बसली नाही, चालत निघाली. रस्त्याकडेच्या पाटातून काळं पाणी वाहत होतं, त्यात चिनाराची पानं. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. शहराच्या दक्षिणेला ते अफाट कब्रस्तान, त्याच्या बायकांच्या बाजूच्या, प्रेतं धुण्याच्या दालनात मधे काच असते. काचेच्या अलीकडे नातेवाईक बायका, पलीकडे रबरी बूट घातलेल्या धुणाऱ्या, लांब नळ्या आणि दगडी ओटे. पुरुषांना आत येता येत नाही. बाबा बाहेर बाकावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून, रोटीवर ठेवावेत तसे. काचेतून आवाज येत नव्हता. पाणी पडताना दिसत होतं फक्त. आईचं डोकं एका बाईनं इतक्या सराईतपणे वळवलं की फरंगीसला त्या क्षणी दुःखापेक्षा आश्चर्यच जास्त वाटलं. अम्मे ताजी, म्हणजे बाबांची बहीण, तिच्या दंडाला धरून रडत होती आणि मध्येच रडणं थांबवून सांगत होती, 'नखं बघ, नखं नीट धुतली का बघ तिनं.' घरी आल्यावर, माणसं निघून गेल्यावर, बाबांनी एकच गोष्ट विचारली होती. "पाणी कोमट होतं का?" काचेतून ते कळत नाही. ती म्हणाली, "हो." त्यांनी मान हलवली आणि खोलीत गेले. आईविषयी ते पुन्हा कधी काही बोलले नाहीत. ना त्या वर्षी, ना नंतर. बायकांनी त्यांना दगड म्हटलं. अम्मे ताजी तोंडावर म्हणाली, "तुझ्या त्या मिर्झानं निदान लिहून तरी ठेवलं. तू तेही करत नाहीस."

त्यानंतर किती तरी वर्षांनी यज्द शहरातल्या एका घरात बखरीची दुसरी प्रत निघाली. ओल लागलेली, अर्धी पानं एकमेकांना चिकटलेली. बाबा ती घेऊन महिनाभर बसले; पानं वाफेवर धरून, चाकूच्या पातीनं, श्वास रोखून सोडवत. ते पान सुटलं तेव्हा फरंगीस माहेरी आली होती. तिचं लग्न मोडल्यातच जमा होतं आणि ती कुणालाच सांगत नव्हती. बाबांनी हाक मारली. "ये, वाचायला बस." ती गालिच्यावर बसली. पान ओलीनं काळं पडलेलं, पण ती ओळ शाबूत होती. तिनं वाचली. 'थंड पाणी तिला कधी सोसलं नाही, म्हणून मी ते आधी तोंडात धरलं, आणि ऊब आल्यावर ओंजळीत घेऊन तिच्यावर सोडलं. असं करत रात्र झाली.' बाबांच्या हातात जुनी नक्कल होती, तिच्यात त्या जागी ठिपके. त्यांनी 'आहे' म्हणायचं नव्हतं, 'नाही' म्हणायचं होतं, कारण नक्कलीत तो मजकूर नव्हता. रुजुवातीचा नियमच तसा. तिनं वाट पाहिली. बाहेर भाजीवाल्याची गाडी भोंग्यावर कांदे-बटाटे ओरडत गेली. बाबा काहीच म्हणाले नाहीत. पेन्सिल त्यांच्या बोटांत तशीच राहिली आणि त्यांचा जबडा किंचित हलत होता, तोंडात काही तरी धरल्यासारखा. मग म्हणाले, "पुन्हा वाच." तिनं पुन्हा वाचलं. त्या दिवशी तिनं ती ओळ किती वेळा वाचली कोण जाणे. हे त्यांचं रडणं आहे हे तिला कळलं, पण ते कुणासाठी आहे हे दोघांपैकी कुणीच उच्चारलं नाही.

अम्मे ताजी घरी येऊन बसली होती, मांडीवर मेथी आणि कोथिंबिरीचा ढीग. चाळिसाव्यानंतरही ती रोज यायची, भाजी निवडायची आणि निवडलेली भाजी स्वतःच्याच घरी घेऊन जायची.

"मग? काय म्हणतो तो म्हातारा कोल्हा?"

फरंगीसनं सांगितलं. अम्मेनं सगळं ऐकून घेतलं, देठ खुडत.

"एवढंच ना? एक पान?"

"एक पान."

"मग कर सही. पोरी, माझा भाऊ या खोलीत कुबड काढून बसला, त्याच्या कुबडावर तुझी आई जेवणाची ताटं वाढत होती. निदान वर नाव तरी येऊ दे त्याचं. दुकानाच्या काचेत. मी जाऊन बघेन. शेजारच्या सय्यद-खानमला घेऊन जाईन, ती समजते तो नुसता वर्तमानपत्रं चाळायचा म्हणून."

"अम्मे, ते पान कोणतं आहे माहीत आहे तुला?"

"माहीत आहे." अम्मेनं मान वर केली नाही. "त्यानं मला वाचून दाखवलं होतं. मला म्हणाला, ताजी, एवढं एकच जमलं नाही बघ मला. मी म्हटलं, काय? तर म्हणे, काही नाही." तिनं एक सुकी काडी दूर टाकली. "पण तू मला सांग, बाकीच्यांचं काय? ती हमामखान्यातली, तिची मुलगी, तो दोर वळणारा. इस्फंदियार त्यांची नावं झोपेत घ्यायचा. एकीच्या पायी सगळ्यांना पुन्हा पुरणार का तू?"

कितीही विचार केला तरी फरंगीसला याचं उत्तर सापडलं नाही, आणि सही तिनं त्यामुळेच केली. अम्मेच्या हट्टापायी नाही, आगांच्या हीटरपायीही नाही.

सहीला परवाना देणाऱ्या कचेरीत जावं लागलं. तपासनीस तरुण होता, आवाज मऊ, शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. तो उठून उभा राहिला. "तुमच्या दुःखात सहभागी आहे, खानम. उस्तादांच्या आवृत्त्या वाचूनच मी या विषयाकडे वळलो." ते खरं असणार, बाबांच्या तळटिपांतले बारकावे तो तोंडपाठ सांगत होता. हेच तिला अधिक असह्य झालं. मूर्ख माणूस असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही हे पान वाचलंत?" तिनं विचारलं.

"वाचलं. फार सुंदर आहे."

"मग काढता का?"

"आम्ही काही काढत नाही, खानम. आमच्याकडे कात्री नसते. काढता तुम्ही. आम्ही फक्त सांगतो, कुठे."

"नवऱ्यानं बायकोला न्हाऊ घालायला धर्माचीही मनाई नाही. बाबांनी लिहून दिलं होतं तुम्हाला."

"घालायला नाही. छापायला आहे." तो हे कुचकेपणानं म्हणाला नाही. एखाद्या रोग्याला पथ्य सांगावं तसं म्हणाला.

"आणि ठिपके?"

"ठिपके दिसले की वाचणारा थांबतो. थांबला की विचार करतो. मिर्झानं लिहिलं त्याहून वाईट काही तरी त्याच्या मनात येतं. त्यापेक्षा सलग बरं." मग थोडं पुढे वाकून, "उस्ताद या एका बाबतीत हट्टी होते. त्यांना मी एकदा म्हटलं, गुळगुळीत पान वाचताना कुणालाच दुखत नाही. ते म्हणाले, हो, तेच म्हणतोय मी."

तिनं सही केली. पेन त्याचंच होतं. जीभ दाताच्या कडेवर दाबून धरलेली होती आणि बाहेर आल्यावर तिला तोंडात रक्ताची चव लागली, अगदी थोडी, लोखंडी दांडा चाटल्यासारखी. फाटकापाशी उभं राहून तिला वाटलं की आपण परत जावं, आणि मग वाटलं की परत जाऊन काय म्हणायचं. मनात पुन्हा पुन्हा ती दोन वाक्यं शेजारी शेजारी येत होती, पानाआधीचं आणि पानानंतरचं. 'सकाळपासून ती काही बोलली नाही.' 'दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून गव्हाचे दोन उंट आले.' चपखल बसत होती. तो तरुण खरंच हुशार होता. इतकी चपखल, की वाचणाऱ्याला वाटावं, ती बोलली नाही कारण रुसली होती. आणि मग गहू आला.

मुद्रितं आली तेव्हा मोहतशम-आगा ती स्वतः घेऊन आले. जिना चढून दम लागलेला. "छापखान्यातले लोक म्हणतात संगणकानं ताडून देतो. मी म्हटलं, द्या तुम्ही, तोवर आम्ही माणसांसारखं करतो." ते बाबांच्या मेजापाशी बसले, बाबांच्या नाही, समोरच्या खुर्चीवर. फरंगीस गालिच्यावर बसली. पन्नाशीला आलेले गुडघे दुमडताना कटकट वाजले. तिच्या हातात बाबांची संपूर्ण प्रत, आगांच्या हातात नवी पानं. सकाळचं ऊन खिडकीतून आत आलं होतं, काजळी थोडी निवळली होती. दिवस दिवस हेच चाललं. ती वाचायची, 'आहे,' आगा म्हणायचे. न्हावी गेला. आहे. दोर वळणारा, शेवटी मुलाच्या नावानं मीठ मागत होता. आहे. हमामखान्यातली, तिची मुलगी. आहे, आहे. मध्येच आगा पेन्सिलीनं एखादी चूक खुणावायचे, मध्येच त्यांना डुलकी लागायची आणि डुलकीतही ते 'आहे' म्हणायचे; मग ती ओळ पुन्हा वाचायची आणि म्हणायची, "आगा, हे पैसे खाऊन पास करण्यासारखं झालं."

"मोठ्या माणसाशी असं बोलतात?"

"झोपलेल्याशी बोलतात."

मग ते पान आलं. ती थांबली नाही. रुजुवातीत मूळ वाचणाऱ्याला थांबायचा अधिकार नसतो. केस सुटून आले. आगांचं बोट गव्हाच्या दोन उंटांपाशी जाऊन टेकलं होतं. फासळ्यांमधून पाणी उतरलं. ते वाट पाहत होते, डोळे पानावर, ओठ मिटलेले. सरपण नव्हतं, पाणी थंड होतं. तिचा आवाज साधा होता, चौदा वर्षांच्या मुलीला जमला नव्हता तितका साधा. काचेच्या पलीकडून आवाज येत नसतो, पण आज येत होता, तिच्याच तोंडातून. 'आधी तोंडात धरलं, आणि ऊब आल्यावर ओंजळीत घेऊन तिच्यावर सोडलं. असं करत रात्र झाली.' पान संपलं.

"नाही," मोहतशम-आगा म्हणाले.

तिनं पान उलटलं. 'दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून गव्हाचे दोन उंट आले.'

"आहे."

शीर्षकपान बाबा नेहमी सगळ्यात शेवटी वाचायला लावायचे. मोठ्या अक्षरांतली चूक कुणालाच दिसत नाही, म्हणायचे, कारण तिथे कुणी वाचतच नाही, सगळे ओळखतात. संध्याकाळ व्हायला आली होती. आगांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे चोळले, परत नाकावर आणला. बाबांच्या प्रतीवर शीर्षकपान हातानं लिहिलेलं होतं, त्यांच्या त्या जरा उजवीकडे कललेल्या अक्षरात. फरंगीसनं वाचलं.

"दुष्काळाची बखर."

"आहे."

"कर्ता मिर्झा लुत्फअली."

"आहे."

"रुजुवात आणि संपादन, इस्फंदियार तवक्कोली."

"आहे," आगा म्हणाले. मग नुसतंच पाहत राहून, "छान अक्षर घेतलंय. ठसठशीत."

आता पुढची ओळ वाचायची होती, शहराचं नाव, मग वर्ष. तिनं वाचली नाही. तिचा तळहात बाबांच्या लिहिलेल्या पानावर पडला होता आणि ती तो हळूहळू फिरवत होती, डोळे मिटून. रुजुवात. नाव खाली घालणारा माणूस त्या शब्दानं शपथ घेतो की मी दोन्ही प्रती ताडून पाहिल्या, मी माझं काही घातलं नाही, कुणाचं काही काढलं नाही, जिथे गेलं तिथे गेलं असं सांगितलं. बाबांनी उभ्या आयुष्यात खोटी शपथ घेतली नव्हती. घरी येऊन 'पाणी कोमट होतं का' एवढंच विचारलं, आणि जे उत्तर मिळालं ते मानलं.

"नाही म्हणा," ती म्हणाली.

"काय नाही?"

"ती ओळ. काढा."

आगांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "फरंगीस, पोरी, वेडी आहेस का? त्याचं पुस्तक आहे हे."

"होतं. ज्या पुस्तकाची त्यांनी रुजुवात केली, ते हे नाही. ते इथे आहे." तिनं हातातली प्रत उचलली नाही, फक्त तिच्यावरचा हात दाबला. "हे दुसरं कुणाचं तरी आहे. याच्यावर त्यांचं नाव खोटं ठरेल."

"परवाना त्याच्या नावावर आहे."

"राहू दे. पानावर नको."

"त्यांना विचारावं लागेल."

"काढायला विचारावं लागत नाही, आगा. काढायला त्यांनी कधी हरकत घेतली आहे?"

ते हसायला गेले आणि हसणं खोकल्यात गेलं. खोकला थांबल्यावर ते खूप म्हातारे दिसले. "ताजीला काय सांगू? ती त्या सय्यद-खानमला घेऊन येणार आहे दुकानावर, काचेत बघायला."

फरंगीसला ते दिसलं. दोन म्हाताऱ्या, काळ्या चादरी हनुवटीखाली धरलेल्या, काचेला नाक लावून. एक दुसरीला बोटानं दाखवते आहे आणि बोट फिरत राहतं, टेकत नाही. जीभ दाताकडे गेली. इतक्या दिवसांत ती कड जराही गुळगुळीत झाली नव्हती.

"मी येईन तिच्याबरोबर," ती म्हणाली.

मोहतशम-आगांनी पेन्सिल उचलली. त्यांनी त्या ठसठशीत नावावरून एक रेघ ओढली, डावीकडून नाही, उजवीकडून, फारसीत जसं नाव लिहितात त्या दिशेनं. मग समासात काढण्याची खूण केली. मग सवयीनं खालची ओळ, शहराच्या नावाची, तिला वर घ्यायचा बाण काढायला लागले.

"ते नको," फरंगीस म्हणाली. "ओळ वर सरकवू नका. जागा तशीच ठेवा."

बाण अर्धा काढून झाला होता. त्यांनी तो खोडरबरानं पुसला, कागदावर फुंकर मारली, आणि पुसलेल्या जागेवरून एकदा बोट फिरवून पाहिलं.

"वाच पुढे," ते म्हणाले.

तिनं घसा साफ केला. "इथे कसरीनं खाल्लंय," ती म्हणाली, "एका ओळीची जागा."

"आहे," मोहतशम-आगा म्हणाले.